प्रत क्रमांक बारा

२ ऑगस्ट, शनिवार

ही डायरी पेठेतल्या एका दुकानदाराने जानेवारीत दिली होती. सात महिने कोरी पडून होती. आज राग कुठेतरी ठेवायला हवा म्हणून उघडली.

सकाळी दुधनीचा एक मुलगा क्लासची चौकशी करायला आला. जिल्ह्यात सहा वर्षांनी लिपिक भरती निघाली आहे, परीक्षा १४ सप्टेंबरला. त्यामुळे रोज कोणी ना कोणी जिना चढून येतं. मी नेहमीप्रमाणे त्याच्यापुढे माझ्या नोट्स ठेवल्या. 'संगणक ज्ञान', एकशे चार पानं, नऊ वर्षांची मेहनत. त्याने दोन-तीन पानं उलटली आणि खिशातून मोबाइल काढला.

"सर, हे तर हाय की माझ्याकडं."

खरंच होतं. 'फुकट अभ्यास' नावाचा कुठलासा चॅनल, आणि त्यावर माझीच पानं. पान ६१ वरच्या तक्त्याचा उजवा कोपरा मला कधीच जुळवता आला नाही, तो तिथेही तसाच तिरका. फक्त वरचं माझं नाव आणि भवानी पेठेचा पत्ता कापलेला.

"मग क्लास लावायचा का न्हाय?" त्याने मलाच विचारलं. खालच्या मजल्यावर बिरप्पांचे चादरींचे माग चालू होते. मी काय बोललो ते त्याला ऐकू गेलं नाही, ते बरं झालं.

ही फाइल मी फक्त एकोणीस जणांना दिली आहे. त्यांच्या मोबाइलवर, एकेकाला. म्हणजे एकोणिसातला एक.

गेल्याच आठवड्यात प्रकरण अकरा शिकवलं, 'संगणकाचा नैतिक वापर'. 'दुसऱ्याने तयार केलेली फाइल त्याच्या परवानगीशिवाय पसरवणे ही चोरी आहे', हे वाक्य मी सगळ्यांकडून दोनदा मोठ्याने म्हणून घेतलं. त्या आवाजांत एक आवाज चोराचा होता.

५ ऑगस्ट, मंगळवार

वर्गात सरळ विचारलं. कोणी केलं? सगळे वह्यांत बघायला लागले. शेवटच्या बाकावरून ताबीश बोलला.

"सर, चॅनलवाल्यानं तुमचं नाव कापलं ते लई वाईट केलं. नाव ठेवलं असतं तर इथं खाली रस्त्यापर्यंत लाइन लागली असती."

सगळे हसले. अमिना तेवढी हसली नाही. ती पहिल्या बाकावर बसते. मोडनिंबची आहे, इथे फुफीकडे, म्हणजे आत्याकडे राहते, सकाळी टॉवेलांचे काठ शिवते आणि दुपारी क्लासला येते. चार ते पाच लॅबमध्ये एकटी बसून सराव करते. घरी संगणक नाही, स्वतःचा मोबाइलही नाही. या जिन्यावरून नऊ वर्षांत जितकी पोरं चढली त्यांत तिच्याइतकी मन लावून शिकणारी दुसरी नाही.

ताबीशचं उलट. बाप रिक्षा चालवतो, पोराला दिवसभर बडबड. लॅबमधला संगणक बंद पडला की तोच पुढे होऊन चालू करतो, आणि मग आठवडाभर ऐकवतो.

संध्याकाळी बायकोला, कमलम्माला सांगितलं. ती शेंगा सोलत होती.

"एन्री, अहो, एवढं काय मनाला लावून घेताय? तुमी पण अक्कलकोटला बसवराज सरांच्या वहीतनंच उतरवून घेतलं होतं की."

"ते वेगळं. मी त्यांचा विद्यार्थी होतो."

"मग ही कोण हाईत?"

मी हात झटकून उठलो. तिला संगणकातलं काही कळत नाही.

९ ऑगस्ट, शनिवार

चार दिवस डोक्यात तेच. शिकवताना प्रत्येक चेहरा बघतो. तू का? तू का?

आज बिरप्पांकडे वीजबिलाचं विचारायला खाली गेलो होतो. एक चादर व्यापाऱ्याकडून परत आली होती, मधे धागे सुटलेली. बिरप्पांनी चादर उलटी केली, काठ बोटांनी चाचपला आणि म्हणाले, "चार नंबरचा माग." कसं कळलं विचारलं तर त्यांनी काठातला एक हिरवा धागा दाखवला. प्रत्येक मागाच्या काठात ते वेगळ्या रंगाचा एकच धागा घालतात. गिऱ्हाइकाला दिसत नाही. पण चादर परत आली की कोणत्या मागाने घाण केली ते लपत नाही.

वर येताना दोन-दोन पायऱ्या एकदम चढलो.

११ ऑगस्ट, सोमवार

झालं. दोन दिवस लॅबमध्ये बसून एकोणीस प्रती केल्या.

पान ६१ वर वर्डमधल्या शॉर्टकट कळांचा तक्ता आहे. कोणती कळ दाबली की काय होतं. त्या तक्त्यात प्रत्येक प्रतीत एक, फक्त एक, कळ बदलली. प्रत एकमध्ये वेगळी, दोनमध्ये वेगळी. बाकी एकशे तीन पानं सगळ्यांची सारखी. वर लिहिलं, 'सुधारित आवृत्ती'. कोणाच्या प्रतीत काय बदललं त्याची यादी या डायरीच्या शेवटच्या पानावर केली आहे. क्रमांक, नाव, खरी कळ, दिलेली कळ.

नुकसान कोणाचंच नाही. लॅबमध्ये बसून कळ दाबली की दोन सेकंदांत कळतं, इथे छापताना चूक झाली आहे. शिवाय परीक्षेआधी मी सगळ्यांच्या प्रती दुरुस्त करून देणारच आहे. तोवर चोर सापडेल.

फाइली एकेकाला पाठवल्या. अमिनाची बारावी प्रत तिच्या वडिलांच्या मोबाइलवर. नबीसाब टेम्पो चालवतो, माणूस साधा. रोज सकाळी सात चाळीसला त्याच्याकडून गुलाबाचं चित्र आणि खाली एक सुविचार येतो. मला, आणि बहुधा त्याच्या मोबाइलमधल्या प्रत्येक माणसाला. आज फाइल मिळताच हात जोडल्याची सहा चित्रं आली.

१४ ऑगस्ट, गुरुवार

चॅनल दर तासाला बघतो. अजून नाही.

आज लॅबमध्ये नवीन तुकडीला वर्ड दाखवलं. आठही संगणकांवर वर पिवळी पट्टी येते, परवाना संपल्याची. ती कशी बंद करायची ते मी पहिल्याच दिवशी शिकवतो, नाहीतर मुलं घाबरतात.

१८ ऑगस्ट, सोमवार

आली! सकाळी सव्वानऊला चॅनलवर 'सुधारित आवृत्ती'. नाव पुन्हा कापलेलं. पान ६१ मोठं करून एकेक ओळ तपासली. फाइल दुसऱ्या नावाने जतन करायची, म्हणजे सेव्ह ॲज. त्याची कळ एफ १२. तिथे होतं एफ १०.

डायरीचं शेवटचं पान उघडलं. एफ १०, प्रत क्रमांक बारा. अमिना नबीसाब मुजावर.

तीनदा वाचलं.

शक्य नाही. तिच्याकडे मोबाइलच नाही.

१९ ऑगस्ट, मंगळवार

अमिनाला वर्गाआधी बोलावून घेतलं. काही सांगितलं नाही, सहज विचारलं की तुझी प्रत तुला मिळाली कशी.

"अब्बांनी ताबीशभाईंच्या मोबाइलवर पाठवली, सर. त्यांनी प्रिंट काढून आणून दिली. ते फुफीच्याच गल्लीत राहत्यात."

ताबीश! मला आधीच कळायला हवं होतं. स्वतःची प्रत टाकली तर पकडला जाईन म्हणून पोराने या गरीब मुलीची प्रत वापरली. म्हणजे माझी युक्ती त्याने ओळखली होती. तेवढी अक्कल त्या वर्गात फक्त त्यालाच आहे. नबीसाबचा तर प्रश्नच नाही. त्या बिचाऱ्याला गुलाब पाठवण्यापलीकडे काय येतं?

ताबीशला सगळ्यांसमोर उभं केलं. म्हणालो, प्रत क्रमांक बारा कुठून गेली ते मला कळलं आहे. तो आधी हसला. मग त्याला कळलं की मी हसत नाही.

"सर, कसम से, मी न्हाय केलं. मी फक्त प्रिंट काढली. पन्नास पानं पुढनं, पन्नास मागनं, तुमच्याच ओळखीच्या झेरॉक्सवाल्याकडनं."

"तुझ्या मोबाइलवर फाइल होती की नाही?"

"होती की! प्रिंट काय हवेतनं काढू?" मग आवाज चढवून म्हणाला, "मला चोरायचंच असतं तर तुमची सगळी लॅब नेली असती, सर. तुमचा पासवर्ड मला पहिल्या दिवसापासनं माहीत हाय. कमल वन टू थ्री."

वर्ग हसला. मी त्याला म्हणालो, म्हणजे कबूलच केलंस. जिना उतर.

तो गेला. जाताना बाकावरची स्वतःची बाटली विसरला.

२० ऑगस्ट, बुधवार

क्लासच्या ग्रुपवर लिहिलं: 'ताबीश याने क्लासच्या नोट्स चोरून पसरवल्या आहेत. त्याला काढून टाकले आहे. अशा मुलाला दुसऱ्या कोणत्याही क्लासने प्रवेश देताना विचार करावा.' मग त्याला ग्रुपमधून काढलं. पेठेतल्या आणखी तीन क्लासवाल्यांना तोच मजकूर पाठवला.

कित्येक दिवसांनी एक भाकरी जास्त खाल्ली. कमलम्मा म्हणाली, "त्याचा मोबाइल बघितला का?" म्हणालो, गरज नाही. ती म्हणाली, "बरं." तिचं 'बरं' मला आवडत नाही.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

चॅनलवर ती फाइल आठ हजार जणांनी बघितली. आठ हजार!

आणि माझ्या वर्गात एकानेही ताबीशचं नाव ऐकून 'बरं झालं सर' म्हटलेलं नाही. उलट दोन पोरं परवापासून येत नाहीत. मग मीही ठरवलं. लॅबला कुलूप घातलं. दारावर कागद लावला: 'ताबीशला मदत करणाऱ्यांनी पुढे येईपर्यंत लॅब बंद राहील.' कळू दे जरा, दुसऱ्याची मेहनत फुकट मिळाली की काय होतं ते.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

वर्गात अकरा उरले. कोणी पुढे आलं नाही. गणपतीच्या ढोलांत खालच्या मागांचा आवाजही बुडून जातो आहे.

दुपारी अमिना आली. ओढणीचा पदर बोटाला गुंडाळत उभी राहिली.

"सर, लॅब कधी उघडणार?"

"नियम सगळ्यांना सारखा."

"व्हय सर. पण मला पान एकसष्टच्या कळा एकदा दाबून बघायच्या होत्या. हात बसला की विसरत न्हाय मी. एक तास दिला तरी चालंल. दाराला आतनं कडी घालून बसते, कुणाला कळणार न्हाय."

क्षणभर चावी खिशात चाचपली. मग वाटलं, आज हिच्यासाठी उघडलं की उद्या सगळे येतील आणि मी हरलो असं होईल.

"वाचून पाठ कर. तुला जमेल."

"मग मी मोडनिंबला जाते, सर. हितं राहून काय करू? फुफीकडं शिवायचंच काम निघतं. तितं वाचायला तरी मिळंल." जाता जाता वळली. "अब्बांनी सांगितलंय, या वेळी झालं तर झालं. न्हायतर परत सोलापूरला यायचं न्हाय."

हुशार आहे. तिचं होईल.

१० सप्टेंबर, बुधवार

आज वर्गातल्यांच्या प्रती दुरुस्त केल्या. एकेकाला टेबलापाशी बोलावलं, पान ६१ उघडायला लावलं, आणि छपाईत चूक राहिली आहे म्हणून लाल पेनने स्वतः खोडून लिहिलं. दोघांना आधीच कळलं होतं, त्यांच्या घरी लॅपटॉप आहे. एकानेही विचारलं नाही की प्रत्येकाची चूक वेगळी कशी.

लेखी काहीही दिलं नाही. लिहून दिलं की एका तासात ते चॅनलवर जाणार, आणि आठ हजार फुकट्यांचं फावणार. त्यांच्याकडे एफ १० आहे. राहू दे. ज्याने चोरीची चादर पांघरली त्याच्या अंगाला काटा बोचलाच पाहिजे.

१३ सप्टेंबर, शनिवार

परीक्षा उद्या.

सकाळी सात चाळीसला गुलाब आला. खाली लिहिलं होतं, 'सरांना सलाम, उद्या दुवा करा.' तेव्हा आठवलं, अमिनाची प्रत राहिली.

फोन हातात घेतला. एवढंच सांगायचं होतं: एफ १० नाही, एफ १२. पण फोन नबीसाब टेम्पोवर उचलणार, अमिना घरी. तो म्हणणार, सर लिहूनच पाठवा, मला इंग्रजी अक्षर कळत नाही. लिहिलं की ते त्याच्या मोबाइलवर. तिथून गल्लीत. ताबीशला मिळायला किती वेळ? आणि ताबीशला मिळालं की चॅनल. एका मुलीच्या एका ओळीसाठी त्या सगळ्यांना सोडून देऊ?

शंभर प्रश्न असतात. नेमका तोच कशाला येईल? आणि अमिना महिनाभर माझ्या लॅबमध्ये बसली आहे, तिने ती कळ कधीतरी दाबली असणारच.

फोन खाली ठेवला. दिवसभर तीनदा उचलला आणि खाली ठेवला. कमलम्माने विचारलं, कोणाला लावताय? म्हणालो, कोणाला नाही.

१४ सप्टेंबर, रविवार

दुपारी वर्गातल्या एका पोराने प्रश्नपत्रिका आणून दिली. प्रश्न त्रेचाळीस: 'वर्डमधील फाइल दुसऱ्या नावाने जतन करण्यासाठी कोणती कळ वापरतात?' पर्याय एफ ५, एफ ७, एफ १०, एफ १२.

मी मोठ्याने हसलो. पोरगा बघत राहिला. एकशे चार पानांतली नेमकी तीच ओळ! आठ हजार जणांनी आज एफ १० वर गोल काळा केला असेल. नऊ वर्षांची मेहनत वसूल झाली. ताबीशनेही तेच लिहिलं असू दे.

वर्गामागच्या घरात येऊन कमलम्माला पहिल्यापासून सगळं सांगितलं. धाग्याचं, यादीचं, प्रश्नाचं. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, "आणि अमिना?"

"तिला येत असेल."

"तुमी विचारलं का?"

रविवारी खालचे माग बंद असतात. घरात भांड्यांचा आवाज तेवढा येत होता.

२२ सप्टेंबर, सोमवार

उत्तरतालिका आणि तात्पुरते गुण लागले. आमच्या जिल्ह्यात मुलींच्या राखीव तीन जागा. यादीत अमिना चौथी. तिसरीत आणि तिच्यात दोन गुणांचं अंतर. एक प्रश्न दोन गुणांचा, चुकला की वर अर्धा गुण वजा.

तिचे कोणते प्रश्न चुकले ते यादीत नसतं. दुसरा कुठलाही असू शकतो. इतिहासाचा असेल. तिला इतिहास जड जातो.

२४ सप्टेंबर, बुधवार

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

अकराच्या सुमारास जिन्यावर पावलं वाजली. नबीसाब आणि त्याच्या मागे अमिना. नबीसाबच्या हातात डाळिंबांची पिशवी. त्याने ती टेबलावर ठेवली, खुर्चीच्या कडेला बसला.

"सर, लई मेहनत घेतली तुमी माझ्या पोरीवर. आता येक शेवटचं काम करा."

अमिनाने प्लास्टिकच्या पिशवीतून कागद काढले. उत्तरतालिकेवर हरकत घ्यायचा अर्ज होता. तालिकेत चूक वाटली तर उमेदवार पुराव्यासह हरकत घेऊ शकतो, उद्यापर्यंत मुदत आहे. अर्ज तिने स्वच्छ अक्षरांत भरला होता. 'प्रश्न क्रमांक ४३. तालिकेतील उत्तर एफ १२ चुकीचे आहे. बरोबर उत्तर एफ १०. पुरावा सोबत जोडला आहे.' आणि सोबत पान ६१. त्या ओळीखाली तिने पट्टी धरून रेघ मारली होती.

"तालिका चुकलीय, सर," ती म्हणाली. ती पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांत बघून बोलत होती. "सगळी म्हणली, तूच चुकलीस. मी म्हणलं, सरांनी लिवलंय. या पानावर तुमची सही आणि शिक्का लागतोय, येवढंच."

मी पान ६१ हातात घेऊन परत परत वाचलं. नबीसाबला वाटलं मी विचार करतो आहे.

"आन सर, गावातली अकरा पोरं बी हरकत टाकणार हाईत. समद्यांनी तेच लिवलंय."

"गावातली पोरं?"

"व्हय की! तुमी पाठवलं का मी गावच्या ग्रुपवर टाकत हुतो. गरिबाची पोरं, क्लास कुटं लावणार? म्हनलं सवाब, पुण्य बी मिळंल आन सरांचं नाव बी हुईल. तितनं कुनी कुटं कुटं पाठवलं म्हनं." तो आनंदाने हसला. "तुमचं नाव वरनं कुनी काढलं ते मातुर म्हाईत न्हाय. ते बरं न्हाय केलं."

सात चाळीसचा गुलाब. रोज, मोबाइलमधल्या प्रत्येक माणसाला. हे मी याच डायरीत स्वतःच्या हाताने लिहून ठेवलं होतं.

उठलो. लॅबचं कुलूप काढलं. पहिला संगणक चालू केला, वर्ड उघडलं, पिवळी पट्टी बंद केली आणि अमिनाला खुर्चीवर बसवलं. म्हणालो, एफ १० दाब.

तिने दाबली. वरच्या पट्टीवर बारीक बारीक अक्षरं उगवली. बाकी काही झालं नाही. तिने पुन्हा दाबली. अक्षरं गेली. मी म्हणालो, आता एफ १२. तिने दाबली आणि मोठी चौकट उघडली. वर सेव्ह ॲज.

तिने चौकटीवरची अक्षरं बोट ठेवून वाचली. मग वळून, मलाच समजावत असल्यासारखी म्हणाली, "सर, तुमचे संगणक जुने हाईत. नव्यावर तुमी लिवलंय तसंच होत असंल."

नबीसाब दारातून म्हणाला, "मशिनीचं काय खरं असतंय? तुमी सही द्या."

मला सही करता आली असती. ती खूश होऊन गेली असती, अर्ज फेटाळला गेला असता आणि तिने म्हटलं असतं, ऑफिसातल्यांना कळत नाही. हे सगळं मी त्या दारात उभं राहून एकदा मनात करून बघितलं.

मग टेबलाकडे आलो, डायरीचं शेवटचं पान फाडलं आणि तिच्या हातात दिलं.

तिला वाचायला वेळ लागला. बोट बाराव्या ओळीवर थांबलं. खरी कळ एफ १२, दिलेली कळ एफ १०. बोट तिथून हललं ते वर गेलं, सातव्या ओळीवर.

"ताबीशभाईंच्या म्होरं दुसरीच कळ हाय."

"हो."

"चॅनलवर मातुर माझी हुती."

"हो."

"त्यांचा मोबाइल बघितला हुता का, सर?"

"नाही."

"आन मला फोन?"

मी टेबलावरचा फोन उलटा ठेवला.

नबीसाबने विचारलं, "काय लिवलंय गं?"

"काय न्हाय, अब्बा. सरांच्याच हातचं हाय." तिने पानाची घडी घातली. हरकतीचा अर्ज मात्र टेबलावर तसाच ठेवला. "आता सही नको, सर. ह्येच चालंल."

नबीसाब गोंधळला होता. जिना उतरताना त्याने दोनदा मागे बघितलं. डाळिंबं टेबलावर राहिली. अमिना जिन्याच्या वळणावरून परत आली आणि ती पिशवी उचलून घेऊन गेली.

२५ सप्टेंबर, गुरुवार

सकाळी सात चाळीसला क्लासच्या ग्रुपवर नबीसाबच्या नंबरवरून चित्र आलं. गुलाब नव्हता. शेवटच्या पानाचा फोटो होता. माझं अक्षर, एकोणीस नावं, एकोणीस कळा. सोबत एक शब्दही नाही. वरच्या बाजूला मोबाइलनेच लिहिलं होतं, अनेक वेळा फॉरवर्ड केलेलं. म्हणजे आमच्याकडे यायच्या आधी ते बरंच फिरून आलं होतं.

मग एकेकाच्या नावापुढे 'ग्रुप सोडला' असं येऊ लागलं. नऊपर्यंत सातजण ग्रुप सोडून गेले.

कमलम्माला फोटो दाखवला. तिने चष्मा लावून सगळी नावं वाचली. "तुमचं अक्षर लई छान हाय," म्हणाली, आणि चहा टाकायला गेली.

आधी मनात आलं ते खरं तेच लिहितो: हे कोणी टाकलं? अमिनाने, की वडिलांच्या मोबाइलवरून दुसऱ्या कोणी? गावातल्या पोरांनी? शोधायचं म्हटलं तर शोधता येईल. डायरीत अजून तीन महिन्यांची पानं कोरी आहेत.

मग लॅब उघडली. दारावरचा कागद काढला. वर्गातल्या शेवटच्या बाकाखाली ताबीशची पाण्याची बाटली अजून तशीच होती. ती धुऊन टेबलावर ठेवली.

ताबीशला ग्रुपमध्ये परत घेतलं. पण नव्याने घेतलेल्याला आधी आलेलं काही दिसत नाही. त्याला ते पान कसं दिसणार?

म्हणून मग मीच ते पुन्हा एकदा ग्रुपवर टाकलं.